तिच्या नावावर काय आहे, ते आधी बघ

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातून एसटीने कॉलेजला जाणारी, एम.ए. इंग्रजीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी विचारते: "मॅडम, भारतीय इंग्रजी कादंबरीतलं बदलतं स्त्रीचित्रण हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. गाइडमध्ये सगळीकडे एकच लिहिलंय. आधी त्यागमूर्ती, मग घुसमटलेली, मग बंडखोर, मग मुक्त. कादंबऱ्या वाचल्यावर मला तसं दिसत नाही. मग लिहू काय? आणि आमच्याकडच्या बायकांशी याचा काही संबंध जोडता येईल का?"

तुला जे दिसतंय ते बरोबर दिसतंय. गाइडमधल्या त्या पायऱ्या परीक्षेच्या सोयीसाठी बांधलेल्या आहेत, आणि त्यांचा नमुना बाहेरून आलेला आहे. इलेन शोवॉल्टर यांनी १९७७ मध्ये इंग्लंडच्या कादंबरीकार स्त्रियांच्या लेखनाचे तीन टप्पे पाडले. त्यांतला पहिला १८४० च्या सुमारास सुरू होतो. तो अभ्यास त्याच्या जागी फार मोलाचा आहे. पण आपल्याकडे प्रबंधांमागून प्रबंधांत तेच टप्पे उचलले गेले आणि कमला मार्कंडेय, अनिता देसाई, शशी देशपांडे यांना त्यांत ओळीने बसवून टाकलं गेलं.

बंडखोरीच मोजायची म्हटली तर हिशेब पहिल्याच पानावर चुकतो. बंकिमचंद्रांची 'राजमोहन्स वाइफ' १८६४ ची. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्यांपैकी ही एक. तिच्यातली मातंगिनी मध्यरात्री एकटी रान तुडवत बहिणीच्या घरी जाते, दरोडा पडणार आहे हे सांगायला. त्या दरोड्यात तिचा स्वतःचा नवरा सामील आहे. वर ती मेव्हण्यावरचं आपलं प्रेम तोंडाने बोलून दाखवते. आता शशी देशपांडे यांची १९८८ ची 'दॅट लाँग सायलेन्स' घे. त्यातली जया शिकलेली, लिहिती, मुंबईची, आणि जवळजवळ अख्ख्या कादंबरीभर गप्प. धाडसाने मोजलं तर सव्वाशे वर्षांत आपण मागे आलो असं म्हणावं लागेल. तसं झालेलं नाही. मोजमापच चुकीचं आहे.

मी वर्गात दुसरा प्रश्न विचारायला लावते: या बाईच्या नावावर काय आहे? शेत, घर, दागिना, पगार, सही, यातलं काय? आणि सगळ्यात शेवटी, तिची गोष्ट तरी तिच्या नावावर आहे का, म्हणजे ती सांगतंय कोण? हा प्रश्न घेऊन तीच पुस्तकं पुन्हा उघड. बदल दिसेल, आणि तो सरळ रेषेत नाही हेही दिसेल.

मातंगिनीपासूनच बघ. तो दरोडा कशासाठी? मृत्युपत्रासाठी. इस्टेटीच्या त्या कागदावरून सगळे पुरुष एकमेकांच्या जिवावर उठलेले आहेत आणि त्या कागदाशी मातंगिनीचा काडीचा संबंध नाही. पुस्तकाच्या नावातसुद्धा ती नाही, तिचा नवरा आहे. शेवटी लेखक तिला माहेरी पाठवतो आणि लवकर मारून टाकतो. जिच्या नावावर काहीच नाही अशा इतक्या धीट बाईचं पुढे काय करायचं, हे त्या काळच्या कादंबरीला सुचलेलं नाही.

इथे तुझ्या प्रकल्पात एक मराठी दुवा जरूर घाल. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. त्याआधीच्या वर्षी सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला अनौरस बाळाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रं समस्त बायकांच्या नीतीवर तुटून पडली. ताराबाईंनी त्याला उत्तर दिलं. आपल्या वऱ्हाडातल्या एका बाईने पुरुषांना 'दोष आमच्यात कुठला आणि तुमच्यात कुठला' असं उलट विचारून हिशेब मांडला, तोही मराठीत. जवळपास त्याच काळात अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या कृपाबाई सत्यनाथन इंग्रजीत 'सगुणा' आणि 'कमला' लिहीत होत्या. बाई स्वतः बोलते तेव्हा तिचा सूर किती वेगळा लागतो, हे या दोघींवरून कळतं. गाइडवाल्यांना मात्र 'त्यागमूर्तीचा काळ' दाखवायचा असतो, म्हणून या दोघी सोयीने गळतात.

आता आर. के. नारायण. 'द डार्क रूम' १९३८ ची. विमा कंपनीतला नवरा ऑफिसमधल्या बाईच्या मागे लागलेला, आणि सावित्री एका रात्री घर सोडते. जाताना अंगावरचे दागिने उतरवून त्याच्यापुढे टाकते. तुझ्या बापाने दिलेले तरी ठेव, असं तो म्हणतो. तेही ती टाकते, कारण तेही एका पुरुषानेच दिलेले. ती नदीत उतरते, वाचते, एका देवळात झाडलोटीच्या कामाला राहते आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः कमावलेला मूठभर भात खाते. मग अंधाराची भीती, लेकरांची आठवण, आणि ती परत येते. ही 'पराभूत स्त्री' म्हणून सोडून देऊ नको. त्या देवळाच्या पानांवर थांब. परत येण्याचं कारण नारायण यांनी मनाच्या दुबळेपणात ठेवलेलं नाही. तिला कोणतंही काम येत नाही, कोणतंही घर तिचं नाही, हे त्यांनी रोख मांडलं आहे.

वीस वर्षांनी आलेल्या 'द गाइड'मध्ये रोझी आहे, आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात कमी वाचलं गेलेलं उदाहरण तिचं आहे. १९५८ ची कादंबरी. १९६० साली साहित्य अकादमीने इंग्रजीसाठीचा आपला पहिला पुरस्कार तिला दिला. सगळे राजूबद्दल, म्हणजे टुरिस्ट गाइड असलेल्या तिच्या प्रियकराबद्दल लिहितात, त्याच्या संतपणाबद्दल लिहितात. रोझीबद्दल लिहिलंच तर 'नृत्यासाठी नवरा सोडणारी आधुनिक स्त्री' एवढं एक वाक्य. पण राजू तुरुंगात कशामुळे जातो ते बघ. रोझीचा नवरा मार्को बँकेतली तिची दागिन्यांची पेटी तिला परत मिळावी म्हणून एक कागद पाठवतो. त्यावर फक्त तिची सही हवी. राजू तो कागद तिच्यापासून लपवतो आणि तिची खोटी सही करतो. तिच्या नाचावर चालणाऱ्या घरात राहून, तिच्या पैशावर जगून, तिच्याच मालमत्तेच्या कागदावर. अख्ख्या कथानकाचा खिळा त्या सहीत आहे. ती एम.ए. झालेली आहे, सही करता येते, कमाई तिची आहे. तरी तिच्यातर्फे सही आपणच करायची असते असं प्रेम करणाऱ्या माणसालाही सहज वाटतं. पुढे त्याच्या खटल्याचा खर्चही तीच नाचून भागवते आणि मग मद्रासला निघून जाते. तिचं आपल्यावाचून चालतं, हे राजूला तुरुंगात बसून कळतं. पण ही सगळी गोष्ट सांगतो राजूच. या सगळ्या काळात रोझीच्या मनात काय होतं, ते आपल्याला कधीच कळत नाही.

सही कोण करतं आणि पैसे कोण उचलतं, हा प्रश्न आपल्याकडच्या मुलींना समजावून सांगावा लागत नाही. बचत गटाच्या पासबुकापासून पीककर्जाच्या फॉर्मपर्यंत सगळं त्यांनी पाहिलेलं असतं.

कमला मार्कंडेय यांची 'नेक्टर इन अ सिव्ह' (१९५४) मी नेहमी दिवाळीनंतर शिकवते. तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुली सुट्टीत कापूस वेचून आलेल्या असतात. कंबरेला ओटा बांधून दिवसभर वेचायचं, बोंडाच्या टोकांनी बोटं सोलवटून घ्यायची आणि संध्याकाळी काट्यावर मोजून किलोमागे पैसे घ्यायचे. रुक्मणी परसात भोपळ्याचा वेल लावते आणि पहिला भोपळा धरल्यावर हरखून जाते, तो उतारा आम्ही वाचत होतो. गाइडमध्ये त्याखाली 'निसर्गाशी एकरूप भारतीय ग्रामीण स्त्री' असं लिहिलेलं असतं. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, रुक्मणीले तं मजुरीबी नाई भेटत. आमाले सांजच्याले काट्यावर मोजून पैसे तं भेटते." दुसरी लगेच म्हणाली, "वावर कोणाचं हाये पण?" मग आम्ही तेच शोधलं. वावर जमीनदाराचं. रुक्मणीचा नवरा नाथन तीस वर्षं ते कुळाने कसतो, आणि एक दिवस ते कातडी कमावणाऱ्या कारखान्याला विकलं जातं. म्हणजे नाथनच्याच नावावर काही नाही, तिथे रुक्मणीचं काय? वर्गाने तासाभरात जे काढलं ते मी कितीतरी छापील लेखांत पाहिलेलं नाही.

त्या कादंबरीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. लेखिका मोठ्या घरातल्या, पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या. त्यांचं गाव कुठलंच नाही, नकाशावर बोट ठेवता येत नाही. पण गोष्ट सांगते रुक्मणी स्वतः. बापाने तिला लिहा-वाचायला शिकवलेलं आहे. कुळाच्या बायकोच्या तोंडी इंग्रजी कादंबरी देणं हे १९५४ मध्ये लहान पाऊल नव्हतं. दोन्ही गोष्टी लिही, एकीसाठी दुसरी झाकू नको.

अनिता देसाईंवर मी लांबण लावणार नाही. 'क्राय, द पीकॉक' (१९६३) मधल्या मायाच्या मनोव्यापारावर आधीच ढीगभर लिहून झालं आहे. त्याऐवजी 'क्लिअर लाइट ऑफ डे' (१९८०) मधली बिम घे. न लग्न केलेली, कॉलेजात शिकवणारी, दुबळ्या भावाला सांभाळणारी बिम दिल्लीच्या जुन्या घरात राहते. थोरला भाऊ राजा सासऱ्याच्या मिळकतीबरोबर त्या घराचाही मालक होतो आणि बहिणीला पत्र लिहितो की भाडं वाढवणार नाही. ते पत्र तिने वर्षानुवर्षं जपून ठेवलेलं आहे, रागाने. उपकाराच्या भाषेत लिहिलेलं ते घरमालकाचं पत्र म्हणजे त्या कादंबरीचं दुखरं ठिकाण आहे.

आणि मग शशी देशपांडे. त्यांचं इंग्रजी आपल्या मुलींना सगळ्यात जवळचं वाटतं, कारण त्यातली घरं मराठी आहेत. आई, आज्जी, काका-मामांचा गोतावळा, माजघरातलं हळू आवाजातलं बोलणं. 'द डार्क होल्ड्स नो टेरर्स' (१९८०) मधली सरू डॉक्टर आहे. तिचा नवरा कॉलेजात शिकवतो. मुलाखतीला आलेली एक मुलगी त्याला सहज विचारते की घरातली कमाई मुख्यतः बायकोची असली की कसं वाटतं. त्या रात्रीपासून तो बिछान्यात तिच्यावर अत्याचार करू लागतो आणि दिवसा काहीच झालं नाही असं वागतो. पगार नावावर आला की बाई सुटली, हे गृहीतक देशपांडेंनी इथे मोडून काढलं. 'दॅट लाँग सायलेन्स'मधली जया दादरच्या ज्या छोट्या फ्लॅटमध्ये बसून आपलं आयुष्य आठवते तो तिच्या माहेरकडून आलेला आहे, नवऱ्याची चौकशी सुरू झाल्यावर दोघांना आसरा तोच देतो. तरी लग्नात तिचं नाव बदलून सुहासिनी केलेलं आहे. तिची एक कथा गाजल्यावर नवरा दुखावतो, लोक मला ओळखतील म्हणतो, आणि ती तसं लिहिणंच सोडून देते. घर तिचं, पण लिखाण त्याच्या परवानगीचं.

'द बाइंडिंग व्हाइन' (१९९२) तर तुझ्या यादीत असायलाच हवी. मेलेल्या मीराच्या वह्या तिची सून ऊर्मी वाचते आणि लग्नातल्या बळजबरीची हकिकत बाहेर येते. दुसऱ्या बाजूला शकुताई नावाच्या गरीब आईची बलात्कार झालेली मुलगी दवाखान्यात बेशुद्ध पडली आहे, आणि बोभाटा नको म्हणून आईच हात जोडते आहे. हे वाचताना आपल्या भागाचा इतिहास आठव. १९७२ मध्ये देसाईगंजच्या, म्हणजे आपल्या वडशाच्या, पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिलं, १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या मंथनानंतरची ही कादंबरी आहे. कायद्याने मात्र लग्नातली बळजबरी तेव्हा बलात्कार मानली नाही आणि २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही ती सवलत कायम आहे. मीराची वही अजून जुनी झालेली नाही.

अरुंधती रॉय यांची 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' (१९९७) सगळे जातीच्या अंगाने वाचतात, आणि वाचायलाच हवी. पण अम्मूला आपला प्रश्न विचारून बघ. घटस्फोट घेऊन माहेरी आलेली मुलगी लोणच्याच्या कारखान्यात भावाइतकीच राबते आणि भाऊ त्याला 'माझा कारखाना' म्हणतो. हे नुसतं भावाचं उद्दाम बोलणं नव्हतं. कथेचा मुख्य काळ १९६९ आहे. तेव्हा त्रावणकोरच्या सिरियन ख्रिश्चन मुलींना १९१६ च्या कायद्याप्रमाणे मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते मिळायचं. हा कायदा १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ज्यांच्यामुळे बाजूला पडला त्या मेरी रॉय, म्हणजे लेखिकेची आई.

आपल्याकडे हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क देशभर मिळाला तो २००५ च्या दुरुस्तीने. आणि १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकोच्या नावावर जमीन करून द्या म्हणून. तुझ्या गावात तेव्हा कोणी केली होती का, ते म्हाताऱ्या माणसांना विचार. तुझ्या प्रकल्पाच्या प्रस्तावनेला याहून चांगला मजकूर मिळणार नाही.

आता ज्याच्यावर सगळ्यात कमी लिहिलं जातं ते. आत्तापर्यंतच्या यादीकडे नजर टाक. सावित्री, बिम, सरू, जया, अम्मू. बहुतेक सगळ्या वरच्या जातीच्या, शिकलेल्या घरांतल्या. मुल्कराज आनंदांच्या 'अनटचेबल' (१९३५) मध्ये सोहिनी विहिरीपाशी घागर घेऊन उभी आहे, कोणीतरी वरून पाणी घालावं म्हणून. पुजारी तिच्यावर हात टाकतो आणि वर विटाळ झाल्याची बोंब मारतो. प्रसंग जळजळीत आहे, पण सोहिनीच्या मनात लेखक फारसा शिरत नाही. संताप सगळा तिच्या भावाच्या वाट्याला येतो. आणि २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. डॉ. आंबेडकर समोर. हजारो बायकांनी घटस्फोटाच्या हक्काचे आणि बहुपत्नीत्वाच्या विरोधातले ठराव मंजूर केले. ज्या बायका कादंबरीत मुक्या होत्या त्या आपल्या नागपुरात ठराव करत होत्या. इंग्रजी कादंबरीला त्यांच्यापर्यंत पोचायला फार वेळ लागला. जयाच्या घरची मोलकरीण जीजा, अनिता नायर यांच्या 'लेडीज कूपे' (२००१) मधली मरिकोळन्दू, अशा बायका आधी कडेकडेने आल्या. मीना कंदसामी यांच्या 'व्हेन आय हिट यू' (२०१७) मध्ये मारहाणीतून सुटलेली निवेदिका आपली गोष्ट स्वतः लिहून ताब्यात घेते, तेव्हा रोझीच्या सहीपासून सुरू झालेला धागा कुठे आला ते दिसतं. अवनी दोशींची पुण्यात घडणारी कादंबरी 'गर्ल इन व्हाइट कॉटन' (२०१९) आईचं देवपण काढून टाकते. ती वाच, पण तुझ्या प्रकल्पात तिला एक परिच्छेद पुरे.

विदर्भाचं विचारलंस. सोनोरा झा यांची 'फॉरेन' (२०१३) ही कादंबरी थेट आपल्या शेतकरी आत्महत्यांच्या मुलखात येते. सिअ‍ॅटलमध्ये राहणारी कात्या, बापाच्या शोधात निघून आलेल्या मुलाच्या मागे इथे पोचते. कळकळीने लिहिलेलं पुस्तक आहे. पण इथल्या बाईचं दुःख आपल्यापर्यंत परतून आलेल्या बाईच्या नजरेतून येतं, आणि हे तुला स्पष्ट लिहावं लागेल. तिच्याशेजारी कोटा नीलिमा यांचं 'विडोज ऑफ विदर्भ' (२०१८) ठेव. ती कादंबरी नाही, विधवांच्या हकिकती आहेत. सरकारी मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र, सातबारा कोणाचा, कर्ज कोणाच्या नावावर, सासरा काय म्हणाला, याच गोष्टींनी ते पुस्तक भरलेलं आहे. जन्मभर निंदण-वेचणी केलेली बाई सरकारी कागदावर 'गृहिणी' होते, कारण जमीन तिच्या नावावर नसते.

आता लिहायचं कसं. दहा कादंबऱ्या घेऊ नको. 'द गाइड', 'द डार्क होल्ड्स नो टेरर्स' आणि 'फॉरेन' अशा तीन घे आणि तिन्हींना मालकीचा एकच प्रश्न विचार. प्रत्येकीतला एकेक कागद शोध: रोझीचा सहीचा कागद, सरूच्या कमाईची छापून येणारी मुलाखत, आत्महत्येनंतर घराला जे कागद गोळा करावे लागतात ते. मुद्दे आधी मराठीत काढ, मग इंग्रजीत लिही; तुझं म्हणणं गाइडच्या वाक्यांत वाहून जाणार नाही. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक बहुधा विचारतील की हा साहित्याचा विषय आहे की महसूल खात्याचा. तेव्हा अम्मू आणि मेरी रॉय यांचं उदाहरण दे, १९१६ आणि १९८६ ही दोन्ही सालं सांग, आणि लोणच्याच्या कारखान्याचं ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेव.